‘आजी, मी मेलो का?’

बाई, नमस्कार. मी चौसष्ट वर्षांची. सांगलीहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला आले आहे. नातू साडेतीन वर्षांचा. दर मंगळवारी त्याला इथल्या लायब्ररीत नेते, तिथे मुलांना गोल बसवून गाणी म्हणतात. ‘रिंगा रिंगा रोझेस’ त्याचं सगळ्यात लाडकं. गेल्या महिन्यात माझ्या भावाने व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. रिंगा रोझेस म्हणजे लंडनचा प्लेग. अंगावरचे लाल चट्टे म्हणजे गुलाब, मग शिंका, मग मरण. ‘बा बा ब्लॅक शीप’ म्हणजे गुलामांचा व्यापार. ‘जॅक अँड जिल’ म्हणजे फ्रान्सच्या राजाराणीची मुंडकी. ‘मेरी मेरी’ म्हणजे माणसं जाळणारी राणी. ‘हम्प्टी डम्प्टी’ म्हणजे तोफ. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या मुलांच्या तोंडी हे विष नको, सर्वांना पाठवा.’ मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी नातू ‘ऑल फॉल डाऊन’ म्हणत धपकन पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नको रे ते, त्यात माणसं मरतात.’ तेव्हापासून तो पडला की डोळे मिटून विचारतो, ‘आजी, मी मेलो का?’ लेक चिडली आहे. जावई काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं. मी खोटं बोलले का? ही गाणी म्हणायची की नाही?
– एक आजी, रेडिंग

ताई,

आधी नातवाचं बघू. गाणी दोन-अडीचशे वर्षं टिकली आहेत, आणखी पाच मिनिटं थांबतील.

साडेतीन वर्षांच्या पोराला मरण कळत नाही. त्याला एवढंच कळलंय की आपण पडून एक शब्द उच्चारला की आजीचा चेहरा पालटतो. हे त्याच्या दृष्टीने फार मोठं हत्यार आहे, आणि तो ते रोज वापरून बघतोय. ‘छे, असं अभद्र बोलू नये’ म्हणालात की हत्याराला आणखी धार येईल. त्यापेक्षा रोजच्या आवाजात सांगा, ‘मेला नाहीस, पडलास. ऊठ.’ आणि उठवायला त्या गाण्यातच सोय आहे. आपल्याकडच्या बालवाडीत गाणं पडण्यावरच संपतं, पण इंग्लंडमध्ये त्याला पुढचं कडवंही आहे. पडलेली पोरं तशीच जमिनीवर राहतात. गाई कुरणात बटरकपची पिवळी फुलं खाताहेत, असं काहीतरी म्हणतात, आणि मग पुन्हा आटिशू-आटिशू अशा खोट्या शिंका देत सगळी उडी मारून उभी राहतात. (खऱ्या गाई बटरकपला तोंड लावत नाहीत, तो जिभेला चरचरतो. गाण्यातल्या गाईंना कोण सांगणार.) येत्या मंगळवारी लायब्ररीतल्या बाईंना विचारा, त्यांना येत असणारच. चार दिवस हे कडवं जोडून म्हणा. पडणं आणि उठणं एकाच गाण्यात आलं की त्याचा प्रश्न आपोआप गळून पडेल.

लेकीला सांगा की मुलाला घाबरवलं ते चुकलं. फक्त तेवढंच. मेसेज खरा वाटला, ही चूक तुमची एकटीची नाही. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि हीच प्लेगची गोष्ट पाचवीच्या वर्गाला, हातात खडू धरून, छातीठोकपणे सांगितली आहे. एकदा नव्हे, दरवर्षी. पोरं डोळे विस्फारून ऐकायची आणि मला मोठं विद्वान झाल्यासारखं वाटायचं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘बाई, प्लेगमध्ये शिंका येतात?’ मी तिला खाली बसवलं. तो प्रश्न मला पुढे बरीच वर्षं डाचत राहिला.

कारण प्लेग काय असतो हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. १८९७ साल पुण्याच्या घराघरात सांगितलं जायचं. माझी पणजी ‘प्लेग’ असा शब्द वापरायचीच नाही, ‘गाठ आली’ म्हणायची. काखेत गाठ, जांघेत गाठ, फणफणून ताप, घर सोडून माळावर झोपड्या. सावित्रीबाई फुले गेल्या त्याही याच साथीत, आजारी मुलाला उपचारासाठी पाठीवरून नेताना लागण होऊन. या सगळ्या आठवणींत कुणी गोल लाल चट्टा किंवा शिंक सांगितलेली मी ऐकली नाही. गाठीच्या प्लेगचं लक्षण गाठ, आणि ती नेमकी या गाण्यात नाही. प्लेगवर गाणं रचणारा माणूस गाठ विसरून शिंक लिहील, हे माझ्या पणजीला पटलं नसतं.

आता लंडनकडे या. तिथला मोठा प्लेग १६६५ चा. त्या वर्षी सॅम्युएल पेप्स नावाचा सरकारी अधिकारी रोज डायरी लिहीत होता. दारांवर काढलेले तांबडे क्रॉस, ‘देवा, आमच्यावर दया कर’ अशी अक्षरं, ते बघून भीतीने विकत घेऊन चघळलेली तंबाखू, सगळं त्यात आहे. हे गाणं मात्र त्यात नाही. इंग्लंडमध्ये ते पुस्तकात छापलेलं सापडतं १८८१ मध्ये, केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या संग्रहात. म्हणजे प्लेगनंतर दोनशे सोळा वर्षांनी. बरं, त्यात तरी शिंक असावी? नाही. तिथे ‘हश! हश! हश! हश!’ आहे आणि सगळे कोलमडतात. अमेरिकेतली मुलं ‘ॲशेस, ॲशेस’ म्हणतात. आपण ‘हशा बुशा’ म्हणत मोठे झालो. जर्मनीत याच जातीचं गोल फिरून खाली बसायचं गाणं १७९६ मध्ये नोंदलेलं आहे, आणि काही जुन्या रूपांत मुलं पडत नाहीत, नुसती वाकून नमस्कार केल्यासारखी खाली बसतात. मेसेज लिहिणाऱ्याने यातली एकच ओळ उचलली, जिच्यात शिंक आहे ती, आणि तिच्यावर अख्खं स्मशान उभं केलं. ही प्लेगची जोडणी पसरली तीच मुळी दुसऱ्या महायुद्धानंतर. १९६१ मध्ये जेम्स लीझर यांच्या लंडनच्या प्लेग-आगीवरच्या पुस्तकात ती आली आणि मग शाळाशाळांतून माझ्यासारख्या बायांमुळे तिला पाय फुटले.

भावाच्या बाकीच्या यादीला तपासायचं तर एकच गोष्ट विचारायची: गाणं पहिल्यांदा छापलं कधी? फार विद्वत्ता लागत नाही. ‘जॅक अँड जिल’ घ्या. सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत यांना गिलोटिनखाली मारलं १७९३ मध्ये. गाणं छापलं गेलं १७६५ च्या आसपास. मुंडकी उडायच्या आधी पंचवीस-तीस वर्षं लंडनची पोरं ती उडाल्याचं गाणं म्हणत होती असं मानायचं असेल तर भावाला सांगा, त्या कवीला पत्रिका दाखवून घ्यायला हवी होती. गंमत म्हणजे त्या जुन्या पुस्तकातल्या चित्रात दोघंही मुलगे आहेत.

‘बा बा ब्लॅक शीप’ची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात थोडं खरंही आहे. हे गाणं १७४४ च्या ‘टॉमी थम्ब्स प्रिटी साँग बुक’मध्ये आहे. तळहातावर मावेल एवढं पुस्तक, पानं आलटून पालटून तांबड्या आणि काळ्या शाईत छापलेली. मेरी कूपर या बाईने लंडनमध्ये प्रकाशित केलेलं, आणि आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याही प्रती उरलेल्या नाहीत. गाण्यात आहे काय? लोकर, तीन पोती, धनी, धनीण आणि बोळातला पोरगा. गुलाम नाही, जहाज नाही. मात्र लोकर म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडची लक्ष्मी होती हे खरं. त्यांच्या वरिष्ठ सभागृहात अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या बैठकीवर बसतात, तिला ‘वूलसॅक’ म्हणतात. म्हणून काहींनी या गाण्याचा संबंध १२७५ च्या लोकरीवरच्या कराशी लावला: एक पोतं राजाला, एक चर्चला, गरिबाला काही नाही. ऐकायला झकास. पण तो कर परदेशी जाणाऱ्या लोकरीवर होता, पोत्यामागे सहा शिलिंग आठ पेन्स. तीन पोत्यांतली दोन उचलून न्यायचा हिशेब त्यात नाही. आणि कर ते छापील गाणं यांच्यात पावणेपाचशे वर्षांचं अंतर आहे. अर्थात नंतरच्या एका पुस्तकात शेवटची ओळ फिरवून बोळात रडणाऱ्या पोराला काहीच मिळत नाही असं केलं आहे. कुणाला तरी त्या तिसऱ्या पोत्याचा राग आला असणार.

‘मेरी मेरी’ला तर मी दोन ओळींत निकालात काढते. मेरी ट्यूडर राणी १५५८ मध्ये गेली, गाणं त्याच १७४४ च्या पुस्तकात येतं, आणि तिथे ती नुसती बागवाली ‘मिस्ट्रेस मेरी’ आहे.

हम्प्टी डम्प्टीला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल. तुम्ही आणि मी चित्र बघून शिकलो म्हणून आपल्याला वाटतं की तो अंडं आहे. गाणं पुन्हा म्हणून बघा. अंडं हा शब्दच त्यात नाही. कारण ते मुळात कोडं होतं. भिंतीवर बसलेला, पडला तर राजाच्या साऱ्या फौजेलाही सांधता येत नाही, सांगा पाहू कोण? उत्तर: अंडं. आपल्याकडे दुपारच्या वेळी पोरांना ‘ओळखा पाहू’ म्हणून घालायचे ना, तसंच. याच्या चुलतभावंडांसारखी कोडी स्वीडनमध्ये आहेत, फ्रान्समध्ये आहेत. उत्तर इतकं प्रसिद्ध झालं की कोडं मेलं आणि गाणं उरलं. ते छापलं गेलं १७९७ मध्ये. तोफेची कथा कोल्चेस्टर गावाची. १६४८ च्या वेढ्यात चर्चच्या मनोऱ्यावरून एक तोफ खाली आली म्हणे. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने हम्प्टी म्हणजे ग्लॉस्टरच्या वेढ्यातलं कासवाच्या पाठीसारखं एक यंत्र, असं अर्धवट चेष्टेत सुचवलं होतं. आणि त्याच्याही आधी तो तिसरा रिचर्ड राजा होता. एका अंड्याचे तीन-तीन इतिहास.

हे असले अर्थ येतात कुठून, हा मला खरा चवदार प्रश्न वाटतो. १८३४ मध्ये जॉन बेलेंडेन केर नावाच्या गृहस्थांनी एक ग्रंथच लिहिला की इंग्रजी बालगीतं मुळात जुन्या डच भाषेतली आहेत आणि त्यांत पाद्र्यांना लपून शिव्या दिल्या आहेत. ती जुनी डच भाषा त्यांनी जवळजवळ स्वतःच तयार केली होती. १९३० मध्ये कॅथरीन एल्वेस थॉमस या बाईंनी प्रत्येक गाण्यामागे एक राजा किंवा राणी उभी केली, तुमच्या भावाचा मेसेज बराचसा त्यांचा वारसदार आहे. आणि कळस म्हणजे अफवा तपासणाऱ्या ‘स्नोप्स’ या संकेतस्थळाने एकदा मुद्दाम खोटी गोष्ट रचून टाकली की ‘साँग ऑफ सिक्सपेन्स’ हे चाच्यांचं भरतीगीत होतं. हेतू हा की वाचकांनी आमच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. लोकांनी ठेवलाच, टीव्हीवाल्यांनी सुद्धा. खरं म्हणजे त्या गाण्यात चोवीस पक्षी ‘पाय’मधून, म्हणजे पिठाचं कवच असलेल्या भाजलेल्या पदार्थातून, बाहेर येतात, हे इतकं गूढ नाही. जिवंत पक्षी आत सोडून कवच कापलं की ते उडतील अशा ‘पाय’ची कृती एका इटालियन पाकपुस्तकात आहे, आणि १५९८ मध्ये ती इंग्रजीत आली. श्रीमंतांच्या पंगतीतली थेरं, दुसरं काय.

मला वाटतं माणसाला बिनअर्थाचं सोसत नाही. ताई, सांगलीला भोंडला खेळलाय ना तुम्ही? हत्तीभोवती फेर धरून आपण सात-आठ वर्षांच्या पोरी त्या वेड्याचं गाणं म्हणायचो. बायकोने लाडू केले, त्याला वाटले चेंडू. लाडवांपर्यंत ठीक आहे. शेवटी बायको पलंगावर झोपलेली असते, तो डोकावतो, ‘मेली मेली’ म्हणतो आणि तिला जाळून टाकतो. आपण हसत होतो. पुढची खिरापत ओळखायची घाई असायची. उद्या कुणी उठून म्हणेल की हा वेडा म्हणजे अमुक सरदार आणि जळालेली बायको म्हणजे तमुक मोहीम, तर त्याला तुम्ही काय सांगाल? तेच इंग्लंडच्या आज्यांनी सांगायला हवं होतं.

हे सगळं निस्तरलं कुणी, तर एका नवराबायकोने. आयोना आणि पीटर ओपी. महायुद्धाच्या काळात शेताच्या कडेने चालताना त्यांना एक लेडीबर्ड किडा दिसला. पीटरनी तो बोटावर घेऊन लहानपणची ओळ म्हटली, तुझ्या घराला आग लागली, उडून जा. किडा उडाला आणि दोघांना प्रश्न पडला, ही ओळ आपल्याला शिकवली कुणी? आयोना तेव्हा पोटुशी होत्या. त्या प्रश्नातून १९५१ चा ऑक्सफर्डचा बालगीतकोश आला. त्यात पाचशेच्या वर गाणी, प्रत्येकाची छापील वंशावळ. राजाराण्यांच्या कथांना त्यांनी फारशी भीक घातली नाही. लायब्ररीत चौकशी करा, भावाला पानाचा फोटो पाठवता येईल.

काही गाण्यांचं तर गूढ काहीच नाही, कारण लिहिणारा ठाऊक आहे. ‘ट्विंकल ट्विंकल’ जेन टेलर या मुलीने लिहिलं, १८०६ मध्ये छापलं, तेव्हा ती तेवीसच्या आतबाहेर होती आणि राहत होती त्याच तोफवाल्या कोल्चेस्टरला. चाल जुन्या फ्रेंच गाण्याची, आणि ‘बा बा’लाही तीच. नातवाला एकापाठोपाठ दोन्ही म्हणून दाखवा, त्याला आधी कळेल. कविता पाच कडव्यांची आहे. आपण पहिलंच घासत बसतो. पुढे अंधारातला वाटसरू त्या इवल्या ठिणगीचे आभार मानतो, ती नसती तर त्याला वाट दिसली नसती. ते शिकवा. फार गोड आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: म्हणायची की नाही. बहुतेक सगळी म्हणा. एक मात्र मी स्वतः सोडलं, आणि ते तुमच्या यादीत नाही. ‘वन लिटल, टू लिटल, थ्री लिटल इंडियन्स’. आपल्या बालवाड्यांच्या संमेलनात पोरांच्या डोक्याला कोंबडीची पिसं खोचून हे अजून होतं, मीही बसवलंय. इंडियन म्हणजे आपणच असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. हे गाणं अमेरिकेत सेप्टिमस विनर यांनी १८६८ मध्ये केलं, तिथल्या मूळनिवासी मुलांची टर उडवणारं, आणि त्यात दहा पोरं एकेक करून संपतात. पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याचीच काळ्या मुलांवरची आवृत्ती आली, जिच्यातला शब्द आज उच्चारवत नाही. ॲगाथा ख्रिस्तींच्या १९३९ च्या कादंबरीचं मूळ नाव त्यावरून होतं, ते पुढे बदलावं लागलं. इथे कुठलाही गुप्त अर्थ शोधायला नको. लेखक, साल, शब्द, सगळं उघड आहे. मेसेजवाल्यांना नेमकं हेच दिसत नाही, कारण यात रहस्य नाही. आकडे शिकवायला दुसरी गाणी ढिगाने आहेत.

भावाशी वाद घालू नका. त्याला जॅक आणि जिलच्या दोन तारखा फक्त पाठवा, १७६५ आणि १७९३. बाकीचं तो स्वतः करील, किंवा गप्प बसेल.

आणि रेडिंगला आहात तर एक काम करा. कोरडा दिवस बघून नातवाला फोर्बरी बागेत न्या. तिथे लोखंडाचा अवाढव्य सिंह आहे, तो आधी दाखवा. शेजारीच जुन्या मठाचे अवशेष आहेत. त्या पडक्या भिंतींत एक शिळा बसवलेली आहे, तिच्यावर गाणं कोरलंय. तेराव्या शतकातलं, याच मठाच्या हस्तलिखितात सापडलेलं. उन्हाळा आला, कोकिळे गा, मेंढी कोकरासाठी ओरडते, बैल उड्या मारतो. आणि पुढे बोकड काय करतो, तर बरेच अभ्यासक म्हणतात, पादतो. इतर काहीजण लाजून वेगळा अर्थ लावतात. ते एकापाठोपाठ एक आवाज मिसळत म्हणायचं गाणं आहे, म्हणून जावयांनाही बरोबर न्या. बोकडाची ओळ त्यांनी म्हटली तर तुमच्या घरातला अबोला तिथेच सुटेल.